कॅलेंडरवरची फुली

सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या नात्यातल्यांचा खाकऱ्याचा लहानसा कारखाना आहे. दिवाळीच्या आधी माणसं कमी पडतात, तेव्हा दोन-तीन आठवडे मी पॅकिंगचा हिशेब बघायला जाते. पंधरा-वीस बाया ओळीने बसून खाकरे मोजतात, वजन करतात, पिशव्या बंद करतात. सुपरवायझरच्या टेबलावर हजेरीचं रजिस्टर असतं आणि त्याच्या मागच्या भिंतीवर लाला रामस्वरूपचं कॅलेंडर. जबलपूरचं हे कॅलेंडर आमच्या मध्य प्रदेशात घरोघरी असतं. मराठी घरांत त्याच्या शेजारी 'कालनिर्णय'ही लटकतं.

त्या बायांमध्ये एक अशी होती की तिचा हात सगळ्यांत जलद. पण महिन्यातून काही दिवस तीच बाई पाकिटं मोजताना चुकायची, शेजारणीशी भांडायची, नाहीतर कोपऱ्यात जाऊन रडायची. सुपरवायझर मला म्हणाला, "चाचीजी, इसका महीने में एक बार दिमाग घूम जाता है." तिने ते ऐकलं. दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने मला त्या कॅलेंडरपाशी नेलं. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक खुणा होत्या, काही फुल्या आणि काही टिंबं. फुली म्हणजे पाळी आली तो दिवस. टिंब म्हणजे मन ठिकाणावर नव्हतं तो दिवस. मागचे चार महिने तिने उलटून दाखवले. दर महिन्याला आधी पाच-सहा टिंबं, मग फुली, आणि फुलीनंतर एक-दोन दिवसांत टिंबं बंद. ती म्हणाली, "पागल नहीं हूँ मैं. हिसाब रखा है."

ती आठवी शिकलेली. मी बी.ए. झालेली, शिवाय नित्यनियमाने स्वाध्याय करणारी. पण एवढा साधा हिशेब मी माझ्या पस्तीस-छत्तीस वर्षांच्या पाळीत कधी मांडला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यापासून मी या विषयाच्या मागे लागले. पाळीच्या आधीच्या दिवसांचा इतिहास काय आहे, त्यांना नाव कोणी दिलं, कधी दिलं, आणि त्या नावाचा बाईला उपयोग झाला की त्रास, हे मला समजून घ्यायचं होतं.

आपल्या घरांत पाळीला शब्दांची वाण नाही. कावळा शिवला, अडचण आली, बाजूला बसली, बाहेरची झाली, विटाळ, एम.सी. आणि त्या दिवसांचे नियमही पक्के आहेत. आमच्याकडे तीन दिवस स्वयंपाकघर बंद, मंदिर बंद, शास्त्राला हात लावायचा नाही, चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं. चरकसंहितेतही रजस्वलेने तीन दिवस कसं राहावं, काय खावं, कुठे निजावं हे सांगितलेलं आहे. म्हणजे रक्त दिसतं त्या दिवसांना हजारो वर्षांपासून नियम आहेत. पण त्याआधीचे पाच-सात दिवस, ज्यांत काहीच दिसत नाही, फक्त छाती भरून येते, पोट फुगतं, झोप उडते, डोकं जड होतं आणि एखाद्या फालतू गोष्टीवरून डोळ्यांत पाणी येतं, त्या दिवसांना आमच्या घरात शब्द नव्हता. शब्द नव्हता म्हणून सवलतही नव्हती. उलट तीन दिवस बाजूला बसायचं म्हणून पापड, धुणं, दळण अशी कामं आधीच उरकून ठेवायची असत. म्हणजे अंगात सगळ्यांत कमी त्राण असे तेव्हाच कामाचा सगळ्यांत मोठा ढीग.

माझाच एक प्रसंग सांगते. लग्नाला सात-आठ वर्षं झाली असतील. संध्याकाळी सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणून घाई चालली होती. सासूबाई म्हणाल्या, "भाजीत मीठ नाही." एवढंच. मी पळी खाली आपटली आणि म्हटलं, "मी या घरात मोलकरीण आहे का?" घर चिडीचूप झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला पाळी आली. डोकं शांत झालं आणि लाज वाटायला लागली. पण आता मी बाजूला बसलेली. सासूबाईंच्या पाया पडावं तर शिवायचं नाही. मंदिरात जाऊन देवापुढे मन मोकळं करावं तर तेही नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन उठले तोवर त्या शब्दांवर घट्ट साय धरली होती. अनंत चतुर्दशीनंतरच्या क्षमावाणीला दरवर्षी हात जोडून मी क्षमा मागत आले. आपल्यातला क्रोध हा कषाय काही सुटत नाही, असं मनाला लावून घेत आले.

आता जगात काय चाललं होतं ते बघू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टर सांगत होते की बाई दर महिन्याला काही दिवस बुद्धीने आणि हाताने निकामी होते, म्हणून तिला जबाबदारीची कामं देऊ नयेत. हे फारसं कोणी मोजून पाहिलं नव्हतं. ते मोजलं लेटा हॉलिंगवर्थ या बाईने. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकताना तिने तेवीस स्त्रियांच्या हाताचा वेग, स्थिरपणा, स्मरणशक्ती वगैरेंच्या चाचण्या वारंवार घेतल्या आणि सोबत दोन पुरुषांच्याही घेतल्या. १९१४ साली तिचा प्रबंध छापून आला. निष्कर्ष असा की पाळीच्या दिवसांत किंवा आधी बायांची कामाची क्षमता घसरते, असं मोजमापात कुठेच दिसत नाही.

मग १९३१ साल आलं. न्यूयॉर्कचेच स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी पंधरा स्त्रियांची हकीकत लिहिली. पाळीच्या आठ-दहा दिवस आधीपासून त्यांना असह्य ताण, चिडचिड, कातडी फाडून बाहेर पडावं असं वाटणं, आणि पाळी सुरू झाली की तासा-दोन तासांत सगळं मोकळं. त्यांनी याला 'पाळीपूर्व ताण' म्हटलं आणि दोष स्त्री-संप्रेरकाच्या जादा प्रमाणाला दिला. फार त्रास असेल तर अंडाशयावर क्ष-किरण सोडून ते मंदावण्यापर्यंत त्यांचे उपाय गेले होते. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनीही याच दिवसांतल्या मनःस्थितीवर लिहिलं. बायांचं हे दुखणं वैद्यकाच्या कागदावर आलं, ही चांगली गोष्ट झाली. पण एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात एक टोचणारी गोष्ट दाखवून दिली. १९३१ म्हणजे महामंदीचा काळ. नोकऱ्या गेलेल्या, पुरुष रस्त्यावर आलेले. तेव्हा बाईची पाळी कामाच्या आड येते, या म्हणण्याला जोर आला. दुसऱ्या महायुद्धात कारखाने चालवायला बाया हव्या होत्या, तेव्हा पाळीची काही अडचण होत नाही असं सांगणारे अभ्यास पुढे आले. बाईचं शरीर दोन्ही वेळेला तेच होतं.

याच काळात आपल्या मराठीत काय होतं? १९२७ च्या जुलैत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्याआधी १९२१ सालीच त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं होतं आणि पत्नी मालतीबाई त्यांच्या सोबत होत्या. शरीराबद्दल उघड लिहिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. १९३० साली किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं आणि मराठी बाई स्वतःबद्दल लिहू-वाचू लागली. आमच्यासारख्या घरांत मात्र यातलं काही दारातून आत येत नसे. माझी आजी सही करण्यापुरतं शिकलेली होती. तिला तिच्या शरीराबद्दल जे कळलं ते मोठ्या जावेने न्हाणीघरात दोन वाक्यांत सांगितलं तेवढंच.

कर्वे १९५३ साली गेले आणि 'समाजस्वास्थ्य' बंद पडलं. त्याच १९५३ च्या मे महिन्यात लंडनला 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक लेख आला आणि त्यात 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव प्रथम रुजलं. आज आपल्या सुना-मुली ज्याला सहज पीएमएस म्हणतात ते हेच. लेख लिहिणारे दोघं. एक रेमंड ग्रीन, डॉक्टर आणि गिर्यारोहक, १९३१ साली आपल्या गढवालच्या कामेत शिखरावर चढून आलेले. दुसऱ्या कॅथरिना डाल्टन. या बाईंची गोष्ट मला फार जवळची वाटते. त्यांना दर महिन्याला पाळीच्या सुमारास अर्धशिशी व्हायची. गरोदरपणात ती थांबली. असं का झालं असेल, हा विचार त्या करत राहिल्या. 'ताण' हा शब्द त्यांना अपुरा वाटला, कारण बाईला फक्त मनाचा त्रास होत नाही. डोकं दुखतं, अंगाला सूज येते, दमा असेल तर तो वाढतो. म्हणून 'सिंड्रोम', म्हणजे लक्षणांचा समूह.

डाल्टनबाईंनी या बायांसाठी लंडनमध्ये दवाखाना चालवला आणि जन्मभर प्रोजेस्टेरॉन हे औषध दिलं. पुढे नीट तुलना करून पाहिल्यावर ते औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीनेही तेच सांगितलं. पण डाल्टनबाईंची दुसरी गोष्ट टिकली. त्या प्रत्येक बाईला रोजची नोंद ठेवायला लावत. कोणत्या दिवशी काय झालं आणि पाळी कधी आली हे तक्त्यावर मांडायचं. आजही निदानाचा पाया हाच आहे. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत पीएमएस सापडत नाही.

१९८१ मध्ये हे नाव कोर्टात गेलं. ब्रिटनमध्ये हत्येच्या आरोपातल्या स्त्रियांच्या बाजूने पाळीपूर्व त्रासाचा मुद्दा मांडला गेला, डाल्टनबाईंनी साक्ष दिली आणि शिक्षा सौम्य झाली. बायांमध्येच दोन तट पडले. काही म्हणाल्या, अखेर कोणीतरी ऐकलं. काही म्हणाल्या, उद्या हेच दाखवून आम्हा सगळ्यांना बेभरवशाच्या ठरवतील. भारतातही असं घडलं. त्याच १९८१ साली अजमेरमध्ये एका बाईवर तीन मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप होता आणि त्यातलं एक मूल दगावलं. खालच्या कोर्टाने तिला दोषी ठरवलं. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, डॉक्टरांच्या साक्षी ग्राह्य धरून तिला सोडलं. वाचून मी सुन्न झाले. गेलेल्या मुलाच्या आईचंही मला वाईट वाटलं आणि त्या बाईचंही. तिचा त्रास आधी कोणी ओळखला असता, तर कदाचित ती विहिरीपर्यंत गेलीच नसती.

वैद्यकाने या त्रासाचे दोन थर मानले आहेत. बहुतेक बायांना पाळीआधी थोडंफार काही होतंच. काहींना ते इतकं होतं की रोजची कामं अडतात. तो पीएमएस. आणि शंभरातल्या साधारण तीन ते आठ जणींना पराकोटीचा, मनाला काळोखात ढकलणारा त्रास होतो. त्याला आता पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात तो १९८७ साली वेगळ्या नावाने आणि परिशिष्टात आला, १९९४ मध्ये त्याला हे नाव मिळालं आणि २०१३ मध्ये तो मुख्य भागात गेला.

कारण कोणतं? इथे १९९८ चा एक प्रयोग महत्त्वाचा आहे. अमेरिकेत संशोधकांनी औषधाने बायांची संप्रेरकं काही काळ थांबवली. त्रास असलेल्या अनेक जणींना बरं वाटलं. मग तीच संप्रेरकं नेहमीच्या प्रमाणात परत दिली, तर त्यांचा त्रास परतला. पण ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांना तीच संप्रेरकं दिली तेव्हा काहीच झालं नाही. म्हणजे फ्रँक म्हणत होते तसं संप्रेरक जास्त नसतं. संप्रेरकांचा नेहमीचा चढउतार काही जणींच्या मेंदूला जास्त लागतो, इतकंच. एकाच घरात एका जावेला काही होत नाही आणि दुसरी अंथरुणाला खिळते, याचं उत्तर इथे आहे. "आम्हाला नाही बाई असं काही व्हायचं" असं म्हणणारी खोटं बोलत नसते, आणि जिला होतं तीही नाटक करत नसते.

आता आपण काय करायचं? पहिलं काम कारखान्यातल्या त्या बाईचं. लागोपाठ दोन महिने रोज संध्याकाळी एक ओळ लिहायची. झोप, भूक, चिडचिड, दुखणं आणि पाळीची तारीख. प्रतिक्रमण करताना दिवसभराचं आठवतोच ना आपण? त्याच आसनावर बसून ही एक ओळ. त्रास पाळीआधी येऊन पाळीनंतर दोन-चार दिवसांत जात असेल, तर तो या चक्राचा. महिनाभर सारखाच राहत असेल, तर कारण दुसरं आहे. थायरॉईड, रक्ताची कमतरता, नाहीतर नैराश्य. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायांचं रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत निघालं. आपल्या घरांत चातुर्मासात पालेभाज्या बंद असतात, तेव्हा मोड आलेली कडधान्यं, तीळ, खजूर आणि वरून लिंबू याकडे लक्ष हवं.

कॅल्शियमचा उपयोग होतो असं १९९८ च्याच एका अमेरिकन चाचणीत दिसलं. दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम तीन पाळ्यांपर्यंत दिलं, तेव्हा लक्षणं ४८ टक्क्यांनी कमी झाली. नुसत्या खोट्या गोळीने ती ३० टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. दूध, दही, नाचणी, तीळ हे आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून. रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि वेळेवर झोप हेही खरंच कामाला येतं. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जादा झाल्या तर नसांना इजा होते. त्रास मोठा असेल तर त्यावर खात्रीची औषधं आहेत. मनातल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या काही जणींना फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यातच घ्याव्या लागतात. "वेड्याची गोळी" म्हणून त्यांना घाबरू नये. आणि त्या दिवसांत जगू नये असं वाटत असेल, तर पुढच्या पाळीची वाट न बघता त्याच दिवशी घरात कोणाला तरी सांगून डॉक्टरकडे जावं.

उपवासाबद्दल माझ्या मैत्रिणी हमखास विचारतात. अष्टमी-चतुर्दशी त्या दिवसांत आली आणि डोकं फुटत असेल तर? सोळाकारण भावनांमध्ये 'शक्तितस्तप' ही एक भावना आहे. तप शक्तीप्रमाणे करायचं. शक्ती दर महिन्याच्या दर दिवशी सारखी नसते, हे मान्य केलं की उत्तर मिळतं. उपवासाऐवजी एकासन करा, तेही नाही झालं तर रसत्याग करा. आणि शंका असेल तर माताजींना मोकळेपणाने विचारा. त्याही स्त्रियाच आहेत.

पण एका गोष्टीची मला भीती वाटते. नाव मिळालं की त्याचा वारही करता येतो. नवरा, मुलगा, साहेब, कोणीही म्हणतं, "हिचे ते दिवस आले वाटतं." आणि बाईने काय म्हटलं ते ऐकायचं राहूनच जातं. माझी पाळी जायला आली त्या वर्षी, पापड लाटताना सासूबाई अचानक म्हणाल्या, "तुझं आठवडाभर आधीपासून बिघडायचं, मला कळायचं. माझंही तसंच होतं." मी चकित झाले. म्हटलं, "आई, मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "काय म्हणून बोलायचं? शब्द कुठे होता?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तू म्हणालीस ते खोटं नव्हतं. पहाटे पाचपासून तू एकटीच राबत होतीस." इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की राग त्या चार दिवसांचा होता, तक्रार मात्र बारा महिन्यांची. रागाची क्षमा मी मागितली ते बरोबरच होतं. तक्रारीची मागायची गरज नव्हती.

कायद्याचंही आपल्या रूढीसारखंच आहे. जपानने १९४७ साली पाळीची रजा कायद्यात आणली. आपल्याकडे बिहार सरकारने १९९२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस दिले आणि २०२५ मध्ये कर्नाटकाने वर्षाला बारा दिवसांच्या पगारी रजेला मंजुरी दिली. चांगलंच आहे. पण या सगळ्यांची नजर पाळीच्याच दिवसांवर आहे. आधीच्या टिंबांना अजून कुठे जागा नाही. ती जागा घराने आणि कामाच्या ठिकाणाने समजुतीने द्यायची आहे.

आमच्या कारखान्यात मी एवढंच केलं की त्या बाईचा हिशेब मालकिणीला, म्हणजे माझ्या पुतणसुनेला, दाखवला. आता टिंबांच्या दिवसांत ती वजनकाट्यावर बसत नाही, पिशव्या चिकटवायला बसते. पगार तोच. सुपरवायझरलाही समजावलं. तो लाजला आणि मान खाली घालून म्हणाला, "घर पर मेरी बीवी को भी ऐसा होता है." मी त्याला म्हटलं, जाताना एक कॅलेंडर घेऊन जा.